दरवाजा आणि त्याचं चित्र

कोयनेचं धरण पाहायला आलेला माणूस भिंत पाहतो, शिवसागर जलाशयाचा विस्तार पाहतो, पावसाळ्यात आला असेल तर सहा वक्र दरवाजांखालून उसळणारा पांढरा लोट पाहतो आणि धरण पाहून झालं म्हणून परततो. या प्रकल्पाचं मुख्य काम मात्र त्याच्या नजरेआड चाललेलं असतं. जलाशयातलं पाणी नवजाच्या बाजूने सह्याद्रीच्या पोटात शिरतं, बोगद्यातून पश्चिमेला जातं आणि सुमारे ४७५ मीटर खाली पोफळीच्या भूमिगत वीजगृहात उतरतं. तिथून ते कोळकेवाडीच्या धरणात येतं, अलोऱ्याच्या यंत्रांवर पुन्हा एकदा राबतं आणि वाशिष्ठीला मिळून चिपळूणवरून समुद्राकडे निघून जातं. सातारा जिल्ह्यात पडलेल्या पावसाची रत्नागिरी जिल्ह्यात वीज होते, आणि या प्रवासाचा बहुतेक भाग कुठल्याही रस्त्यावरून दिसत नाही.

न दिसणारं दाखवणं हे संगणकीय चित्राचं एक काम. या पुस्तकाचा विषय त्याच्या पुढचा आहे. चित्र नुसतं दिसून भागत नाही, त्याला हात लावता आला पाहिजे. डोंगर कापून आतला बोगदा पाहता यावा, दरवाजा माउसने धरून दोन फूट वर उचलता यावा, विसर्गाचा आकडा तिथल्या तिथे बदलावा, जलाशयाची पातळी हळूहळू उतरू लागावी, आणि हे सगळं होत असताना पडदा क्षणभरही अडखळू नये. असा प्रोग्रॅम लिहायला बसलं की पहिल्या दोन-तीनशे ओळी आनंदात जातात. मग एका कोपऱ्यातला बदल दुसऱ्याच कोपऱ्यात काहीतरी मोडतो आणि कुठे काय लिहिलं होतं याचा शोध सुरू होतो. ऑब्जेक्ट-ओरिएंटेड पद्धत या अवस्थेवरचा उपाय म्हणून शिकवली जाते. ती उपाय आहेच, पण ज्या उदाहरणांनी ती शिकवली जाते त्यांनी बरंच नुकसान केलं आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

ते उदाहरण बहुतेकांना पाठ असतं. ‘आकृती’ नावाचा मूळ क्लास. त्याची मुलं म्हणजे वर्तुळ, चौकोन, त्रिकोण. प्रत्येकाला स्वतःला काढता येतं, म्हणून मुख्य प्रोग्रॅमने फक्त ‘काढ’ म्हणायचं. यात चूक काही नाही. नवा आकार आला की जुन्या फंक्शनांमध्ये शिरून प्रत्येक ठिकाणी नवी अट घालावी लागत नाही, हा फायदा खराच आहे. पण विद्यार्थी यातून एवढंच उचलतो की ऑब्जेक्ट म्हणजे वंशावळ. पुढे त्याच्यासमोर खरं काम येतं तेव्हा तो ‘वक्रदरवाजा’ हा ‘आकृती’चा वारस करतो. सगळा गोंधळ तिथून सुरू होतो, कारण दरवाजा ही आकृती नाही. दरवाजाला कमानीसारखा फुगलेला पोलादी पत्रा आहे, तो ज्या आसावर फिरतो तो आस आहे, उचलणारी यंत्रणा आहे, आणि पलीकडून रेटणारं पाणी आहे. पडद्यावरच्या एका खिडकीत तो कमान म्हणून दिसेल, दुसरीत तक्त्यातला आकडा म्हणून, तिसरीत आलेखावरची रेघ म्हणून. चौथीत तो दिसणारही नाही, आणि तरीही त्याच्याखालून किती पाणी गेलं हे त्या खिडकीला कळावं लागेल.

पाहणारेही एक नाहीत. धरण जलसंपदा विभागाकडे आहे, वीजगृहं महानिर्मितीकडे. कळव्याच्या राज्य भार प्रेषण केंद्रात बसलेल्या अभियंत्याला मेगावॉटशी मतलब. सांगलीत पुरावर लक्ष ठेवून असलेल्या माणसाचे डोळे आयर्विन पुलाच्या पातळीवर असतात. तिथे ४० फुटांना इशारा पातळी आणि ४५ फुटांना धोका पातळी. भूकंप अभ्यासणाऱ्याला भिंतीची हालचाल हवी असते. दरवाजा एकच, चित्रं अनेक. दरवाजाच्या क्लासमध्ये रंग, पेनची जाडी आणि खिडकीतले पिक्सेल भरून ठेवले, तर यांतलं दुसरं चित्र काढायची वेळ आली की दरवाजाच फाडावा लागतो. म्हणून वस्तू वेगळी ठेवायची आणि वस्तूचं चित्र वेगळं. या पुस्तकातली जवळजवळ प्रत्येक रचना या एका निर्णयातून निघते.

हा निर्णय कुठून आला हे पाहण्यासारखं आहे, कारण या विषयाचे दोन मूळ प्रवाह वेगवेगळ्या ठिकाणी उगम पावले. १९६३ मध्ये एमआयटीत आयव्हन सदरलंड यांनी टीएक्स-२ या संगणकावर स्केचपॅड हा प्रोग्रॅम केला. प्रकाश-लेखणीने पडद्यावर रेघा ओढता येत होत्या, हे लोकांच्या लक्षात राहिलं. त्याहून मोलाची गोष्ट आत होती. एक मूळ आकृती करायची आणि तिच्या हव्या तेवढ्या प्रती हव्या तिथे मांडायच्या. मूळ बदललं की सगळ्या प्रती बदलतात. धरणाच्या माथ्यावरच्या सहा दरवाजांसाठी आपण आज एक क्लास आणि सहा ऑब्जेक्ट लिहितो, त्याची बीजं तिथे आहेत.

दुसरा प्रवाह ऑस्लोतला. ओले-योहान डाल आणि क्रिस्टेन न्यूगार्ड यांनी १९६७ मध्ये सिम्युला ६७ ही भाषा मांडली आणि क्लास, उपक्लास या कल्पना तिच्यातून आल्या. त्यांना चित्रं काढायची नव्हती. त्यांना खऱ्या जगातल्या व्यवस्था संगणकात चालवून पाहायच्या होत्या. म्हणजे ऑब्जेक्ट जन्माला आला तो आकृती म्हणून आलाच नाही, काळाबरोबर वागणारी, बदलणारी वस्तू म्हणून आला. वर्तुळ-चौकोनाच्या धड्यांनी हे मूळ पुसून टाकलं. ॲलन के यांनी १९६६ मध्ये युटा विद्यापीठात स्केचपॅड आणि सिम्युला दोन्ही अभ्यासले, आणि पुढे झेरॉक्सच्या पालो आल्टो केंद्रात स्मॉलटॉक घडली. त्याच केंद्रात १९७९ मध्ये ट्रिग्वे रेन्स्काउग यांनी मॉडेल-व्ह्यू-कंट्रोलर ही मांडणी केली. रेन्स्काउग जहाजबांधणीच्या सॉफ्टवेअरमधून आलेले होते. मोठी, गुंतागुंतीची, अनेकांच्या हातांतून जाणारी वस्तू ज्याने पाहिली आहे त्यालाच वस्तू आणि तिचं दर्शन वेगळं ठेवण्याची निकड कळावी, यात मला नवल वाटत नाही.

आपल्याकडे त्या काळात काय होतं? मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत टिफ्रॅक हा देशी संगणक चालू होता आणि त्याला उत्तरं दाखवायला कॅथोड-किरण पडदाही जोडलेला होता. टिफ्रॅक हे नाव त्याला १९६२ मध्ये मिळालं, पोफळीचं पहिलं जनित्र सुरू झालं तेही त्याच वर्षी. पण धरणांचं काम त्या पडद्यापर्यंत पोचलं नव्हतं. १९१६ मध्ये सुरू झालेल्या, पुण्याजवळ खडकवासल्याला असलेल्या केंद्रीय जल व विद्युत संशोधन संस्थेत धरणांच्या, सांडव्यांच्या प्रतिकृती मोजमापाने बांधून त्यांतून प्रत्यक्ष पाणी सोडून पाहिलं जातं. विद्यार्थ्यांनी अशी प्रतिकृती एकदा तरी चालताना पाहावी. दरवाजा हाताने उचलला की पाणी त्याच क्षणी वागून दाखवतं. हाताची कृती आणि डोळ्यांना दिसणारा परिणाम यांच्यामध्ये काही आडवं येत नाही. पडद्यावरच्या चित्राला गाठायची आहे ती ही सलगता, आणि ती गाठणं चकचकीत प्रकाश-सावल्यांपेक्षा कठीण आहे.

कोयनेचं उदाहरण घेण्यामागे आणखी एक कारण आहे, आणि ते दुःखाचं आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे झालेल्या भूकंपाने कोयनानगर उद्ध्वस्त झालं, शंभराहून कितीतरी अधिक माणसं गेली. धरणातल्या उपकरणाने जमिनीच्या त्या हादऱ्याची नोंद केली. भिंत टिकली, पण तिला तडे गेले, विशेषतः माथ्यापासून सुमारे ३६ मीटर खाली, जिथे मागच्या बाजूचा उतार एकाएकी बदलतो. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात अनिल चोप्रा आणि पी. चक्रवर्ती यांनी १९७३ मध्ये या भिंतीचं संगणकीय विश्लेषण प्रसिद्ध केलं. त्यांच्या गणितात ताण नेमका त्याच भागात एकवटलेला दिसला. आज अबॅकस या जगभर वापरल्या जाणाऱ्या विश्लेषण-सॉफ्टवेअरच्या माहितीपुस्तकात कोयनेच्या भिंतीचा १०३ मीटर उंचीचा छेद एक नमुना-उदाहरण म्हणून दिलेला आहे. ज्यांनी सातारा जिल्हा नकाशावरही पाहिलेला नाही असे कितीतरी अभियंते कोयना हे नाव तिथे वाचतात आणि त्या पहाटेचा हादरा आपल्या पडद्यावर पुन्हा पुन्हा चालवतात.

त्या छेदाचे शेकडो लहान तुकडे केलेले असतात. पूर्वी हे प्रोग्रॅम फोरट्रानमध्ये लांबलचक सरण्या भरून लिहिले जात. तुकडा क्रमांक अमुक याचा ताण कुठल्या रकान्यात आहे हे लिहिणाऱ्यालाच ठाऊक. १९९७ मध्ये, पुन्हा बर्कलीतच, फ्रँक मॅककेना यांनी याच प्रकारच्या विश्लेषणाची ऑब्जेक्ट-ओरिएंटेड मांडणी आपल्या प्रबंधात केली आणि त्यातून ओपनसीस हे सॉफ्टवेअर उभं राहिलं. तिथे प्रत्येक तुकडा हा ऑब्जेक्ट आहे. त्याला विचारलं की तो आपला ताठरपणा सांगतो, आपल्यावरचा ताण सांगतो. रंग मात्र तो सांगत नाही, आणि सांगूही नये. ताणाला कुठला रंग द्यायचा हे चित्राने ठरवायचं, कारण एकाला लाल-निळा हवा असेल, दुसऱ्याला नुसत्या समताण-रेषा.

आता हात लावण्याकडे येतो. दरवाजा माउसने धरून ओढला, या एका कृतीत काय काय घडतं ते नीट पाहिलं की या विषयाचा अर्धा भाग समजतो. सुरुवातीला माउसचं बटण दाबलं गेलं ते पडद्यावरच्या एका पिक्सेलवर. तो पिक्सेल कोणाचा, हा पहिला प्रश्न. चित्रातल्या प्रत्येक घटकाला ‘हा बिंदू तुझ्यात येतो का’ असं पुढून मागे विचारत जायचं. तिसऱ्या दरवाजाचं चित्र ‘हो’ म्हणतं. मग माउस वर सरकतो. किती पिक्सेल म्हणजे किती फूट हे फक्त चित्राला माहीत आहे, कारण मोठं-लहान करून पाहण्याचं प्रमाण त्याच्याकडे आहे. दरवाजा वक्र असल्याने तो सरळ उचलला जात नाही, आसाभोवती फिरतो. त्यामुळे सरकलेल्या अंतराचा कोन करावा लागतो. एवढं झाल्यावर चित्र दरवाजाकडे विनंती करतं की दोन फूट उघड. ही विनंतीच असते. दरवाजा आपली मर्यादा तपासतो, चालेल तेवढंच उघडतो आणि ‘मी बदललो’ असं जाहीर करतो. चित्र स्वतःला परत काढतं ते या जाहीर झालेल्या बातमीवरून. माउस हलला म्हणून त्याने परस्पर स्वतःला काढायचं नाही. हा नियम मोडावासा फार वाटतो, कारण मोडला तर चार ओळी वाचतात. मग एक दिवस दरवाजा माउसऐवजी वेळापत्रकानुसार उघडतो आणि चित्र बंद दरवाजा दाखवत बसतं.

जाहीर करण्याची ही रीत म्हणजे ऑब्झर्व्हर. गॅमा, हेल्म, जॉन्सन आणि व्हिलिसिडीस यांच्या १९९४ च्या डिझाइन पॅटर्न्स या पुस्तकाने तिला हे नाव सर्वत्र रूढ केलं. त्या लेखकांतल्या व्हिलिसिडीस यांचं आधीचं काम चित्र-संपादक बनवण्याच्या सॉफ्टवेअरमधलं होतं, हे ते पुस्तक वाचताना ध्यानात ठेवावं. त्यातले कितीतरी नमुने चित्रांच्याच गरजेतून घडलेले आहेत. दरवाजाला ऐकणारे कोण हे माहीत नसतं. नदीकाठच्या गावांना सतर्कतेचा इशारा द्यायचा भाग उद्या प्रोग्रॅममध्ये जोडला, तर तो दरवाजाच्या क्लासला हात न लावता जोडता आला पाहिजे.

इथे एक सावधगिरी हवी. कोयनानगरहून सोडलेलं पाणी कऱ्हाडला कृष्णेला मिळतं आणि सांगलीला पोचायला त्याला तास लागतात. संदेश मात्र प्रोग्रॅममध्ये क्षणात पोचतो. दरवाजा उघडताच आयर्विन पुलाची पातळी वाढलेली दाखवणारा प्रोग्रॅम चूक आहे. मग कोणीतरी चित्रातच विलंब घालतं, रेघ उशिरा हलते आणि वरवर सगळं बरोबर दिसतं. दुसरी खिडकी उघडली की तोच विलंब तिच्यात पुन्हा लिहावा लागतो. नदीच्या प्रवासाला लागणारा वेळ हा नदीचा गुण आहे. तो नदीच्या ऑब्जेक्टमध्येच राहिला पाहिजे.

या पुस्तकातलं जे प्रकरण लिहायला मला सर्वांत कठीण गेलं ते रचनांच्या गुंत्याचं आहे. त्रिमितीय चित्रात सीन ग्राफ नावाचं झाड असतं. धरणाच्या खाली सांडवा, सांडव्याखाली खांब आणि दरवाजे. धरण हललं की सगळे बरोबर हलतात, कारण प्रत्येकाची जागा आपल्या पालकाच्या तुलनेत सांगितलेली असते. सिलिकॉन ग्राफिक्समध्ये पॉल स्ट्रॉस आणि रिक केरी यांनी १९९२ मध्ये मांडलेल्या इन्व्हेंटरने ही कल्पना प्रोग्रॅमरांच्या हातात दिली, आणि २०१० मध्ये आलेल्या थ्री.जेएसमुळे ती आज साध्या ब्राउझरमध्येही वापरता येते. पण पाण्याचा मार्ग या झाडात बसत नाही. कोळकेवाडीचं धरण जागेच्या हिशेबात कोयनेच्या भिंतीखाली कुठेच येत नाही. ते दुसऱ्या खोऱ्यात, घाटाखाली आहे. पाण्याच्या हिशेबात मात्र पोफळीच्या लगेच पुढे तेच आहे. ‘कुठे आहे’ याचं झाड वेगळं आणि ‘कशानंतर काय’ याचं जाळं वेगळं. विद्यार्थी दोन्ही एकाच झाडात कोंबतात आणि मग बोगद्याचं पालक कोण यावर तासभर वाद घालतात. या वादाला उत्तर नाही, कारण एकच वस्तू दोन रचनांमध्ये एकाच वेळी असू शकते. व्हीटीकेमध्ये, विल श्रोडर, केन मार्टिन आणि बिल लॉरेन्सन यांनी १९९३ पासून घडवलेल्या सॉफ्टवेअरमध्ये, माहितीच्या प्रवाहाची साखळी आणि पडद्यावरचं दृश्य असे दोन भाग स्पष्टपणे वेगळे ठेवलेले आढळतात. ते बारकाईने वाचावं.

काही ऑब्जेक्ट तर हातात धरताच येत नाहीत. कृष्णा पाणी तंटा लवादाच्या निवाड्यानुसार पश्चिमेकडे वीजनिर्मितीसाठी वर्षाला ६७.५ टीएमसी पाणी वापरता येतं, आणि हे वर्ष १ जूनला सुरू होतं. ही मर्यादा कोणी सांभाळायची? जलाशयाने? त्याला पाणी कुठे जातं याच्याशी देणंघेणं नाही. वीजगृहाने? ती एकापेक्षा जास्त आहेत. धरणाच्या पायथा वीजगृहातून सुटणारं पाणी, दोन्ही यंत्रं चालू असताना २१०० क्युसेक, हे तर पूर्वेला नदीतच जातं, ते या हिशेबात धरायचंच नाही. म्हणून ‘पाणीवाटप’ असा स्वतंत्र ऑब्जेक्ट करावा लागतो. त्याला आकार नाही, वजन नाही, पण नियम आहे आणि स्मरण आहे. ऑब्जेक्ट म्हणजे दिसणारी वस्तू असं धरून चालणाऱ्याला हा सापडतच नाही.

जबाबदारी एका ठिकाणी ठेवण्याचा फायदा किती, याचा पुरावा धरणानेच दिला आहे. कोयनेची साठवण क्षमता मुळात ९८.७८ टीएमसी होती. पुढे दरवाजांची उंची वाढवून ती १०५.२५ करण्यात आली. ज्या प्रोग्रॅममध्ये जुना आकडा टक्केवारीच्या सूत्रात, आलेखाच्या अक्षावर, चित्रातल्या निळ्या पट्टीच्या उंचीत असा सर्वत्र विखुरलेला असेल, तिथे एक जागा बदलायची हमखास राहणार, आणि भर पावसाळ्यात धरण शंभर टक्क्यांहून अधिक भरल्याचं चित्र दिसणार. क्षमता फक्त जलाशयाला माहीत असेल तर बदल एका ओळीचा.

‘मागे घ्या’ या बटणाबद्दल मला विशेष आस्था आहे. प्रत्येक कृतीचा एक ऑब्जेक्ट करून ठेवला की ती उलट करता येते. संपादकात हे उत्तम चालतं. आपल्या प्रतिरूपातही दरवाजा उघडल्याची कृती मागे घेता येईल, सुटलेलं पाणीही परत येईल. खऱ्या नियंत्रण-कक्षाच्या पडद्यावर असं बटण असणं धोक्याचं आहे. तिथे दरवाजा खाली करणं हा नवा हुकूम असतो, त्याची नवी नोंद होते, आणि गेलेलं पाणी गेलेलंच असतं. दोन्ही पडदे दिसायला सारखे असले तरी त्यांच्यामागची कृतींची रचना सारखी असून चालणार नाही.

या पद्धतीच्या मर्यादाही सांगायला हव्यात. पडदा सुरळीत हलायचा तर सेकंदाला ६० चित्रं लागतात, म्हणजे एका चित्राला जेमतेम १६.७ मिलिसेकंद. दरवाजे सहा आहेत, ते खुशाल ऑब्जेक्ट असू द्यावेत. सांडव्यावरून उडणाऱ्या तुषारांचे लाखो थेंब मात्र एकेक ऑब्जेक्ट करू नयेत. स्मृतीत विखुरलेल्या लाखो वस्तूंना एकेक करून हाक मारण्यातच वेळ संपतो. तिथे ‘फवारा’ हा एक ऑब्जेक्ट करावा आणि त्याच्या पोटात थेंबांच्या जागा, वेग यांच्या सलग सरण्या ठेवाव्यात. आज खेळांच्या प्रोग्रॅमांत हीच वाट अधिक पुढे नेऊन वस्तूंऐवजी माहितीच्या रकान्यांभोवती रचना केली जाते. ती या पद्धतीच्या विरोधात आहे असं मी मानत नाही. वंशावळीच्या अतिरेकाविरुद्ध मात्र ती नक्कीच आहे, आणि तेवढ्यापुरता मी तिच्या बाजूचा आहे.

पुस्तकातली उदाहरणं जावात आहेत आणि क्लासांची नावं मराठीत, देवनागरीत: जलाशय, दरवाजा, बोगदा, पाणीवाटप. जावा अशी नावं चालवून घेते. कऱ्हाडच्या किंवा सांगलीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलाला या वस्तू नावानिशी ठाऊक असतात. पावसाळ्यात कोयनानगर, नवजा आणि महाबळेश्वर या तीन ठिकाणच्या पावसाचे आकडे तो रोज वर्तमानपत्रात वाचत मोठा झालेला असतो. दुसऱ्या प्रकरणातला आलेख त्याच तीन आकड्यांचा आहे.

पहिल्या प्रकरणात एकही चित्र नाही. तिथे फक्त जलाशय, सहा दरवाजे, पायथा वीजगृह आणि बोगदा हे क्लास लिहायचे आहेत आणि आकडे छापून ते तपासायचे आहेत: एक दरवाजा उघडला तर पातळी किती वेळात किती उतरते, मर्यादेपलीकडे उघडायला सांगितलं तर तो नकार देतो का, सगळं बंद असताना आवक आणि साठा यांचा मेळ बसतो का. हे प्रकरण वगळून थेट पडद्याकडे जाण्याचा मोह होईल. ते आकडे जुळल्याखेरीज खिडकी उघडू नये.